ढालकिडा आमच्या ड्रायव्हरमध्ये: कॉक्सिनेलचा तीन आठवड्यांचा अनुभव

सासवडच्या आमच्या शेतात ढालकिडे दिसले की बाबा तेवढ्या भागात फवारणी करत नाहीत. मावा तेच खातात. ढालकिड्याला फ्रेंचमध्ये कॉक्सिनेल म्हणतात आणि त्याच नावाचं, सी भाषेतला कोड बदलायचं एक फुकट हत्यार आहे. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या ज्युलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मुळात लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, घडवलं. बाणेरच्या ऑफिसात तीन आठवडे वापरून झालं, म्हणून लिहिते. पाचपैकी चार.

आमच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये (ग्राफिक्स चिप चालवणारा कोड) 'बफर मोकळा होईपर्यंत थांब' (बफर म्हणजे डेटा ठेवायची मेमरीतली जागा) हे पंचवीसेक ओळींचं प्रकरण अकरा ठिकाणी चिकटवलेलं होतं. हँडलवरून, म्हणजे ओळख-क्रमांकावरून, बफरचा ऑब्जेक्ट शोधायचा, त्याच्या डीएमए-रेझव्हमधले (बफर कोण वापरतंय त्याची यादी) फेन्स, म्हणजे काम संपल्याच्या खुणा, पूर्ण होईपर्यंत थांबायचं, वेळ उलटली तर एरर द्यायची, शेवटी ऑब्जेक्टचा रेफरन्स (आपण तो वापरतोय ही नोंद) सोडायचा. कर्नलचं थांबवणारं फंक्शन उणे आकडा देतं तेव्हा एरर असते, शून्य म्हणजे वेळ संपली, अधिक म्हणजे काम झालं. या शून्याचा अर्थ अकरा जणांनी आपापल्या परीने लावलेला. दोन ठिकाणी कॉमेंटमध्ये अजून डीएमए-रेझव्हचं जुनं नाव, 'रिझर्व्हेशन ऑब्जेक्ट', होतं. कर्नलने ते नाव 2019 मध्ये, 5.4 आवृत्तीत बदललं. कोड किती शिळा ते यावरून ओळखा. हे सगळं काढून त्याजागी एकच सामायिक फंक्शन आणायचं होतं.

मजकूर शोधायची-बदलायची नेहमीची हत्यारं, ग्रेप आणि सेड, नुसती अक्षरं बघतात. कॉक्सिनेलला आपण पॅचसारखाच (पॅच म्हणजे कोडमधल्या बदलांची यादी) नियम लिहून देतो: काढायच्या ओळीला वजा, घालायच्या ओळीला अधिक, आणि मधे काहीही चालेल तिथे तीन टिंबं. ही टिंबं म्हणजे मधल्या ओळी नव्हेत, कोड ज्या वाटांनी जाऊ शकतो त्या वाटा. सगळी करामत इथेच आहे आणि माझा अर्धा दिवसही इथेच गेला.

आधी काही न बदलता नुसतं शोधायला ओळींना तारांकन लावलं. दहा ठिकाणं सापडली. अकरावं एका मॅक्रोच्या (नाव देऊन ठेवलेला, कंपाइल होण्याआधी जागोजागी उलगडणारा कोडचा तुकडा) पोटात होतं, तिथे याची डाळ शिजली नाही. ते समजण्यासारखं आहे. मग तारांकनं काढून वजा-अधिक लावले, तर बदलली नऊच. शेजारी बसणारा नवा पोरगा म्हणाला, "ताई, नियम तोच आहे ना? मग एक गेलं कुठे?" मी दोनदा नियम पुसून लिहिला. शेवटी मॅन्युअलमध्ये मिळालं: नुसतं शोधताना एक वाट जुळली तरी त्याला पुरतं, बदलताना मात्र सगळ्या वाटा जुळाव्या लागतात. राहिलेल्या दहाव्या ठिकाणी वेळ संपल्यावर फंक्शन थेट परत जात होतं, रेफरन्स न सोडताच. म्हणजे मेमरीची गळती! किती दिवसांची कोण जाणे. याने तिथे हात लावायला नकार दिला म्हणून ती दिसली.

एवढ्यावर मी त्याच्या प्रेमात पडले असते, पण पुढच्याच दिवशी जमिनीवर आले. थांबायचं ते कोणासाठी, हे कर्नलला 'रीड' किंवा 'राइट' असं सांगावं लागतं. नव्या सामायिक फंक्शनमध्ये मी लिहिलं होतं: लिहायचं असेल तर 'राइट' मागायचं, वाचायचं असेल तर 'रीड'. ऐकायला सरळ, पण चूक. लिहिणाऱ्याला आधीच्या वाचणाऱ्यांसाठीही थांबावं लागतं, म्हणून त्याने 'रीड' मागायचं. त्यात लिहिणारेही येतात. वाचणाऱ्याला फक्त लिहिणाऱ्यांशी देणंघेणं, म्हणून त्याने 'राइट'. कर्नलमध्ये याच उलटापालटीसाठी डीएमए-रेझव्ह-युसेज-आरडब्ल्यू नावाचं छोटं फंक्शन आहे, ते मी वापरलं नव्हतं. कॉक्सिनेलने नऊच्या नऊ जागा इमानेइतबारे माझ्या चुकीच्या फंक्शनला जोडून दिल्या.

कळलं कसं? आमची चाचणीची क्लिप नळ स्टॉपला काढलेली आहे, वर मेट्रो जातेय, खाली रिक्षा. पडद्यावर मेट्रोच्या डब्याचा वरचा भाग एकीकडे, खालचा हातभर पुढे सरकलेला. जीपीयू (ग्राफिक्स चिप) आधीची फ्रेम वाचत असतानाच सीपीयूने त्याच बफरमध्ये पुढची लिहायला घेतली होती. दुरुस्ती एका ओळीची झाली, कारण आता ती ओळ एकाच जागी होती.

एक तारा कापला तो बोलण्याच्या पद्धतीसाठी. नियमात अर्धविराम राहिला तर हा जे सांगतो त्यावरून काय चुकलं ते कळत नाही. कधी काहीच सांगत नाही, नुसता रिकामा पॅच. रिकामं म्हणजे जुळलं नाही की फाइलच वाचता आली नाही, हे पाहायला पार्स-सी हा पर्याय वेगळा चालवावा लागतो.

दोन-तीन ठिकाणांसाठी याच्या नादी लागू नका, तेवढ्यात हाताने बदलून चहा पिऊन होईल. कर्नलवर काम करत असाल तर स्क्रिप्ट्सच्या फोल्डरमध्ये तयार नियम आहेत, मेक कॉक्सीचेक या कमांडने आधी तेच चालवून पाहा. मॅक्रोतलं ते अकरावं मी शुक्रवारी संध्याकाळी हातानेच बदललं. मॅक्रोच उडवला खरं तर.