वाक्लेला की लॅटूरेल? पोर्टलंडहून अर्ध्या दिवसात धबधबा बघायचा असेल तर

दर उन्हाळ्यात हा प्रश्न मला येतोच. कुणाचे तरी आईबाबा भारतातून आलेले असतात, मल्टनोमा हा इथला प्रसिद्ध धबधबा बघून झालेला असतो किंवा तिथली गर्दी बघून गाडी तशीच पुढे नेलेली असते, आणि मग फोन येतो, अगं अजून एखादा धबधबा सांग ना, फार चालायचं नको, डोक्यावर ऊन नको, आणि दुपारच्या जेवणापर्यंत घरी परत यायला पाहिजे. तर कोलंबिया रिव्हर गॉर्जमध्ये, म्हणजे पोर्टलंडच्या पूर्वेला कोलंबिया नदीच्या दरीत, या सगळ्या अटींत बसणारे दोन आहेत, I-84 हायवेच्या एक्झिट ४० चा वाक्लेला आणि त्याच्या अलीकडे जुन्या हायवेवरचा लॅटूरेल. दोन्ही मी बऱ्याचदा केलेत, एकटीने पण, मुलांना घेऊन पण आणि गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन पण, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी मल्टनोमाचं एकदाच सांगून टाकते. ६२० फुटांचा आहे, एकदा बघायलाच हवा, आणि गाडी नसेल तर तोच बघा कारण पोर्टलंडच्या गेटवे ट्रान्झिट सेंटरवरून कोलंबिया गॉर्ज एक्सप्रेसची बस थेट तिथे जाते. पण तिथे तुम्ही धबधबा बघायला जाता, चालायला नाही. पार्किंगमधून उतरलं की समोर धबधबा, फोटो, पुलावर जाऊन अजून एक फोटो, संपलं. शिवाय सीझनमध्ये I-84 च्या पार्किंगला टाइम स्लॉट आधी बुक करावा लागतो. घळीच्या आत शिरत शिरत धबधब्यापर्यंत जाण्यात जी मजा आहे ती तिथे मिळत नाही.

ती मजा वाक्लेलाला मिळते, म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगते, पाय धड असतील तर वाक्लेला.

जाऊन येऊन साधारण दोन मैल, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या आसपास, आणि चढ सगळा मिळून तीनेकशे फूट. पहिला टप्पा तर चक्क रुंद सपाट रस्ता आहे, टॅनर क्रीकच्या कडेकडेने, आजीआजोबा गप्पा मारत चालतील असा. तो एका छोट्या बंधाऱ्यापाशी संपतो (हे पाणी पलीकडच्या मासे पैदास केंद्राला जातं, त्याचं पुढे सांगते) आणि तिथून खरी पायवाट सुरू होते. लगेच एक लाकडी पूल लागतो आणि त्याला अगदी चिकटून मन्रा फॉल्स नावाचा बारका धबधबा कड्यावरून घसरत येतो. इतका जवळ की कठड्याला धरून उभं राहिलं तरी तोंडावर तुषार येतात. आई तिथे पाच मिनिटं नुसती उभी होती, चष्मा काढून, डोळे मिटून, आणि मागून येणाऱ्या लोकांना आम्ही हाताने पुढे जा म्हणत होतो. तिला वाटलं हाच तो धबधबा, इथूनच परत फिरायचं, आणि तेवढ्यावरही ती खूश होती.

पुढे थोड्या पायऱ्या आणि चढ आहे, दम लागतो पण थोडाच वेळ. मग घळ दोन्ही बाजूंनी जवळ यायला लागते आणि आवाज बदलतो, हायवेचा आवाज मागे पडतो आणि फक्त ओढा ऐकू येतो. सीडर, मॅपल, खाली कमरेएवढे नेचे, दगडांवर जाड शेवाळं, आणि या सगळ्यामुळे गारवा. २८ जून २०२१ ला पोर्टलंडमध्ये ११६ फॅरनहाइट झालं होतं ते इथे राहणारं कुणी विसरणार नाही, आमच्या घरात एसी नव्हता तेव्हा. त्यानंतर मी उन्हाळ्यातल्या ट्रेकसाठी पहिली गोष्ट सावली बघते, आणि सावलीच्या बाबतीत वाक्लेलाचा हात धरणारं जवळपास दुसरं काही नाही. भिंती उंच आणि घळ अरुंद, त्यामुळे ऊन खाली पोचतं ते डोक्यावर आल्यावरच, सकाळी नऊला गेलात तर जवळपास सगळी वाट सावलीतच होते.

मध्ये वाट फुटते. डावीकडची वरून जाते, उजवीकडची खाली ओढ्यापाशी उतरून पूल ओलांडते, आणि दोन्ही धबधब्यापाशी मिळतात. जाताना एकीने आणि येताना दुसरीने असं करा. खालच्या वाटेवर खोलीएवढाले दगड पडलेत, ते १९७३ मध्ये पश्चिमेकडचा कडा कोसळला तेव्हाचे, त्याने ओढा काही काळ अडवला पण होता. त्या दगडांमधून वळून पुढे आलं की एकदम घळ संपते. म्हणजे पुढे जायला जागाच नाही, तिन्ही बाजूंनी काळे कडे आणि मधोमध पाणी. वरचा टप्पा फटीतून अर्धवट दिसतो, खालचा साठ-पासष्ट फुटांचा सरळ डोहात पडतो आणि त्याचा वारा येतो अंगावर. उंचीच्या आकड्यात मल्टनोमापुढे हा काहीच नाही, पण इथे तुम्ही त्याच्या खोलीत जाऊन उभे असता, मला याहून नीट सांगता येत नाहीये.

डोहाजवळ दगडावर बसलात तर एक राखाडी गुबगुबीत पक्षी शोधा, डिपर म्हणतात त्याला. दगडावर उठाबशा काढल्यासारखा सारखा खालीवर होत असतो आणि मग सरळ वाहत्या पाण्यात बुडी मारून दुसरीकडून बाहेर येतो. माझ्या मुलाला धबधब्यापेक्षा तोच लक्षात राहिलाय.

आता वाक्लेलाच्या अडचणी, कारण आहेत. पार्किंग अगदी छोटं आहे, शनिवार-रविवारी साडेआठनंतर गेलात तर गाडी लावायला घिरट्या घालाव्या लागतात. नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो, डे पास आधी ऑनलाइन काढून प्रिंट करून ठेवा कारण आयत्या वेळी रेंज दगा देते, नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर तो चालतो. वरच्या वाटेवर एका बाजूला खोल आहे आणि कठडा सगळीकडे नाहीये, लहान मुलाचा हात धरूनच चालायचं, स्ट्रोलर तर पायऱ्यांमुळे विसराच. आणि २०१७ च्या सप्टेंबरमधली ईगल क्रीकची आग इथेही आली होती, पंधरा वर्षांच्या मुलाने टाकलेल्या फटाक्याने लागलेली. त्यामुळे वर कड्यांकडे बघितलं की काळे पडलेले उभे बुंधे अजून दिसतात. जळालेल्या उतारावरून दगड सुटतात, मोठ्या पावसानंतर किंवा जोराच्या वाऱ्याच्या दिवशी जाऊ नका, आणि निघण्याआधी फॉरेस्ट सर्व्हिसच्या साइटवर ट्रेल उघडी आहे ना ते बघा.

डोहात उतरायचा मोह होतो, विशेषतः पोरांना. पाणी भर ऑगस्टमध्येही इतकं गार असतं की पाय घोट्यापर्यंत बुडवले तरी हाडं दुखतात, आणि वरून दगड आणि ओंडके येऊ शकतात. पाय बुडवा, पोहू नका.

लॅटूरेल हा वेगळा प्रकार. इथे धबधबा तुमच्याकडे येतो. जुन्या कोलंबिया रिव्हर हायवेवर गाडी लावली की दोन-तीन मिनिटांत तो पूर्ण दिसतो, सव्वादोनशे फुटांच्या आसपास, कड्याला न टेकता सरळ हवेत पडणारा, आणि मागचा कडा म्हणजे उभ्या काळ्या खांबांची रांग, त्यावर पिवळाधमक दगडफुलाचा पट्टा. ज्यांना चालवतच नाही त्यांचा तेवढंच बघून पण दिवस सार्थकी लागतो. थोडं चालवत असेल तर डांबरी पायवाट खाली पायथ्यापर्यंत जाते, फक्त येताना तोच उतार चढ होतो हे आईवडिलांना आधी सांगा.

तिथे पायथ्याशी बाबांनी कड्याला हात लावला आणि म्हणाले, अरे हा तर आपलाच काळा पाषाण. आणि खरंच की, बेसॉल्टच आहे, सह्याद्रीसारखाच लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला, फक्त सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथला साधारण दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जसे उभे खांब आहेत तसेच हे. आणि इतके धबधबे एकाच काठाला का, तर हिमयुगाच्या शेवटी, पंधरा-अठरा हजार वर्षांपूर्वी, बर्फाचे बांध फुटून परत परत महापूर आले आणि त्यांनी कोलंबियाच्या दरीचे काठ कापून काढले, बाजूचे ओढे वरच लटकत राहिले, त्यांना उडी मारण्यावाचून मार्गच उरला नाही. बाबांना हे वाचून दाखवल्यावर ते दिवसभर प्रत्येक कड्याकडे त्याच नजरेने बघत होते.

लॅटूरेलचा पूर्ण लूप, म्हणजे गोल फेरी, साधारण अडीच मैलांचा, वर अजून एक छोटा धबधबा आहे आणि शेवटी १९१४ च्या काँक्रीटच्या कमानी पुलाखालून वाट बाहेर येते. पण एक सांगते, लूपला चढ वाक्लेलापेक्षा बराच जास्त आहे, जवळपास दुप्पट. लोकांना वाटतं लॅटूरेल सोपा म्हणून लूप पण सोपा, आणि मग अर्ध्यात आजी बसून राहतात. तर गुडघ्यांसाठी लॅटूरेल निवडत असाल तर फक्त पायथा करा. सावली लूपवर चांगली आहे, पण जिथे सगळे फोटो काढतात ती सुरुवातीची जागा उघडी आहे, दुपारी तापते.

गर्दीचं म्हणाल तर लॅटूरेलला माणसं येत-जात राहतात, दहा मिनिटं थांबतात आणि गाडीत बसतात, त्यामुळे पार्किंगची जागा लवकर सुटते. मी गेले तेव्हा तिथे फी नव्हती, तरी बोर्ड वाचून घ्या. शिवाय वाटेत क्राउन पॉइंटच्या कड्यावरची व्हिस्टा हाऊस नावाची जुनी इमारत लागते, तिथून सगळी नदी दिसते, ज्यांना चालण्यापेक्षा बघण्यात जास्त रस आहे त्यांचा दिवस तिथेच भरतो.

दोन्हीकडे एक मात्र पाळा, गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, अगदी जॅकेटसुद्धा नाही. गॉर्जच्या पार्किंगमध्ये काचा फुटतात. आमची एकदा फुटली, आत फक्त डबे आणि आईची शाल असलेली पिशवी होती, ती गेली. शालीचं तिला अजून वाईट वाटतं.

म्हणून मी कुणाला काय सांगते ते लिहिते. आईबाबा रोज संध्याकाळी अर्धा तास फिरायला जात असतील तर वाक्लेला, बिनधास्त, काठी द्या हाताशी आणि दोन तास धरून चला. जिने चढताना हात गुडघ्यावर जात असेल तर लॅटूरेलचा पायथा आणि व्हिस्टा हाऊस. मुलं पाच वर्षांच्या वरची असतील तर वाक्लेला, खाली असतील आणि कडेवर घ्यायची तयारी नसेल तर लॅटूरेल. पाहुण्यांकडे एकच सकाळ असेल आणि मल्टनोमा झालेला असेल तरी वाक्लेलाच, कारण एक मोठा धबधबा रस्त्यावरून बघून झालाय, आता एकदा आत शिरून बघू दे त्यांना.

वाक्लेलाला जाणार असाल तर परत निघताना लगेच हायवेला लागू नका, त्याच एक्झिटला पलीकडे बॉनव्हिलचं मासे पैदास केंद्र आहे, टॅनर क्रीकचं तेच पाणी तिथे येतं. टॉयलेट आहेत, बाकं आहेत, डबा खाता येतो. आणि काचेआड हर्मन नावाचा स्टर्जन मासा आहे, दहा फुटांच्या वर लांब, ऐंशीच्या पुढे वय, २०१७ ची आग केंद्राच्या दारापर्यंत आली त्यातूनही वाचलेला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर सामन मासे पण परतलेले दिसतात. आई त्या काचेपाशी हर्मनच्या बरोबरीने टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती, सकाळपासून गुडघा दुखतोय म्हणून एकदाही न सांगता.