ट्रेल कॅमेऱ्यासाठी सेल: पुणे जिल्ह्याच्या हवेत कोणते टिकतात?

ट्रेल कॅमेरा म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो घेणारा, रानात किंवा शेतात लावून ठेवायचा कॅमेरा. ज्यांचे आपल्या अशा कॅमेऱ्याजवळ आठ-पंधरा दिवसांतून एकदा जाणे होते, त्यांनी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे आणि पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे रिचार्जेबल सेल घ्यावेत. त्यांतही माझी पसंती पॅनासॉनिकच्या पांढऱ्या एनलूपला आहे. ज्या जागी पावसाळाभर फिरकणे शक्य नसते, तिथे एकदाच वापरायचे लिथियम सेल घालावेत. अल्कलाइन सेल स्वस्त वाटतात, पण या दोन्ही ठिकाणी ते शेवटी महागातच पडतात. हे मत सुरुवातीलाच मांडते, कारण कॅमेरा घेताना मेगापिक्सेल, लेन्स आणि पल्ला यांची बारकाईने चौकशी करणारी माणसे सेल मात्र काउंटरवर जे हाताला लागतील ते उचलताना मी वारंवार पाहिली आहेत.

ट्रेल कॅमेऱ्याची मोठी बाजारपेठ अमेरिकेतील हरणांच्या शिकाऱ्यांची आहे. तिथला शिकारीचा हंगाम शरदापासून हिवाळ्यापर्यंत चालतो, म्हणून कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकांत आणि परदेशी परीक्षणांत सगळा भर गोठवणाऱ्या थंडीत कोणता सेल तग धरतो यावर असतो. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे आणि कॅमेरे लावण्याची कारणेही वेगळी आहेत. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत उसाच्या कडेने बिबट्याचा वावर कळावा म्हणून, सासवड-जेजुरीच्या माळाला लागून असलेल्या शेतात लांडगा, खोकड किंवा तरस दिसावा म्हणून, तर मुळशी-वेल्ह्याकडे रात्री भाताची नासाडी नेमके कोण करते हे समजावे म्हणून लोक ते लावतात. (स्वतःच्या शेताबाहेर, वनखात्याच्या जमिनीवर कॅमेरा लावायचा असेल तर त्या खात्याची परवानगी घ्यावीच लागते.) पुणे जिल्ह्यात सेलची परीक्षा उन्हाळ्यातील चाळीस अंशांजवळ जाणारी दुपार आणि सह्याद्रीच्या कुशीतला चार महिन्यांचा ओलावा हे दोघे घेतात. थंडीचा प्रश्न इथे फारसा येत नाही.

सेलच्या निवडीकडे गांभीर्याने पाहायला हवे, याचे कारण जुन्नरकडच्या शेतकऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. शेतीपंपाच्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची असली की मोटार सुरू करायला अंधारात उसातून जावे लागते, आणि अलीकडच्या रात्रींत बिबट्या कुठल्या बांधाने गेला हे माहीत असणे ही त्या वेळी जिवाची काळजी असते. सेल संपून कॅमेरा बंद पडला तर मेमरी कार्डावर काहीच येत नाही. प्राणी आला नसला तरीही काहीच येत नाही. रिकामे कार्ड पाहून या दोहोंतला फरक कळत नसल्यामुळे सेल किती टिकतात यापेक्षा ते कधी दगा देणार याचा अंदाज बांधता येतो का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

वीज नेमकी कुठे खर्च होते हे एकदा कळले की बाकीचे निर्णय सोपे होतात. नुसता वाट पाहत असलेला कॅमेरा अगदी थोडी वीज घेतो. दिवसाच्या फोटोलाही विशेष काही लागत नाही. खरा खर्च रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांचा असतो. दहा सेकंदांचा व्हिडिओ म्हणजे दिव्यांची सगळी रांग सलग दहा सेकंद पेटलेली राहणे, आणि त्या वेळी सेलांवर एकदम मोठा भार येतो. त्यातही ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे दिवे अंधारात लालसर चमकतात, तर ९४० नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना दिसत नाहीत. मात्र कॅमेऱ्याचा सेन्सर ९४० च्या प्रकाशाला कमी दाद देतो, त्यामुळे तेवढ्याच अंतरावर उजेड पाडायला त्यांना जास्त वीज लागते. कॅमेरा चोरीला जाऊ नये म्हणून आपण सहसा न दिसणारे दिवेच निवडतो, तेव्हा सेलही त्या भाराला पुरे पडतील असेच हवेत.

घड्याळात आणि रिमोटमध्ये चालणारे झिंक-कार्बनचे साधे पेन्सिल सेल या कामाचे नाहीत. दिव्यांचा भार त्यांना पेलत नाही.

अल्कलाइनचे प्रकरण जरा सविस्तर सांगावे लागेल, कारण बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत त्याचे नाव असते आणि तो कुठल्याही दुकानात मिळतो. नव्या अल्कलाइन सेलचा दाब (व्होल्टेज) मोजला तर १.६ व्होल्टच्या आसपास भरतो, पण वापर सुरू झाल्यापासून तो एकसारखा उतरत जातो आणि ०.९ व्होल्टला आला की सेल संपला असे धरतात. शिवाय त्याचा अंतर्गत रोध जास्त असतो. नव्या सेलमध्येही तो साधारण १५० ते ३०० मिलिओहम असतो, म्हणजे एक अँपिअरचा भार पडताच प्रत्येक सेलचा दाब ०.१५ ते ०.३ व्होल्टने घसरतो, आणि सेल जुना होत जाईल तसा हा रोध वाढतो. कॅमेऱ्यावर याचा परिणाम असा होतो की दिवसाचे फोटो व्यवस्थित येत राहतात आणि रात्रीची चित्रे आधी अंधूक, मग पूर्ण काळी होतात. बॅटरीची खूण अर्धी भरलेली दिसत असताना रात्रीचे काम थांबलेले असते, हा अल्कलाइनचा सर्वांत फसवा गुण आहे.

दुसरा दोष गळण्याचा. संपलेले सेल उन्हाळ्यात पत्र्यासारख्या तापलेल्या कॅमेऱ्यात पडून राहिले की त्यांतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपते. झाकण उघडल्यावर स्प्रिंगच्या टोकाशी पांढरी, कडेला हिरवट झालेली खपली दिसते. नखाने उकरली तर ती भुकटी होऊन पडते आणि खालचा धातू काळपट व खडबडीत झालेला असतो. अशा वेळी व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने ती जागा पुसावी, नंतर कोरड्या काडीने ओल टिपावी आणि कॅमेरा दिवसभर उघडा ठेवून वाळवावा. इतके करूनही स्प्रिंगचा मुलामा गेलेला असेल तर तिथला संपर्क पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. कॅमेऱ्याची किंमत पाहता सेलांवर वाचवलेल्या पैशांचा हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

एनलूपकडे वळताना पहिली शंका हमखास व्होल्टेजची येते. या सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेले असते. आठ सेल एकापुढे एक जोडले की अल्कलाइनचे १२ व्होल्ट होतात आणि एनलूपचे ९.६. तरीही प्रत्यक्षात एनलूप रात्री अधिक भरवशाचे ठरतात, कारण त्यांचा अंतर्गत रोध कितीतरी कमी असतो आणि क्षमतेचा बहुतांश भाग वापरून होईपर्यंत दाब १.२ व्होल्टच्या आसपासच राहतो. कार्डावरचे रात्रीचे फोटो क्रमाने पाहिले तर सुरुवातीच्या आणि अखेरच्या फोटोंतल्या उजेडात फारसा फरक जाणवत नाही. अडचण येते ती कॅमेऱ्याच्या खुणेची. ती अल्कलाइनच्या दाबावर बेतलेली असेल तर पूर्ण चार्ज केलेले सेल घातल्यानंतरही लवकरच अर्धी बॅटरी दाखवते. काही कॅमेऱ्यांच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडण्याची सोय असते. ती असेल तर तिथे बदल करावा, नसेल तर त्या खुणेवर विसंबून न राहता सेल ठरावीक दिवशी बदलावेत. काही जुने किंवा हलक्या दर्जाचे कॅमेरे मात्र या कमी दाबावर लवकर बंद पडतात, त्यामुळे पुस्तिकेत रिचार्जेबल सेल चालतात असे म्हटले आहे का, हे खरेदीच्या आधीच वाचलेले बरे.

पांढऱ्या एनलूपची क्षमता साधारण २००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, सेलात किती चार्ज मावतो याचे माप) आहे, काळ्या एनलूप प्रोची सुमारे २५००. आकडा पाहून काळा घेण्याचा मोह होतो, पण पांढरा २१०० वेळा आणि काळा ५०० वेळा चार्ज करता येतो असे कंपनीच सांगते, आणि पडून राहिल्यावर चार्ज टिकवण्यातही पांढरा सरस आहे. मी पांढराच घेते आणि घ्यायला सांगते. बाजारात याहून मोठे आकडे छापलेले अनोळखी नावांचे रिचार्जेबल सेलही दिसतात. त्यांतल्या साध्या निकेल-मेटल हायड्राइड सेलांचा चार्ज आपल्या उन्हाळ्यात नुसता पडल्या पडल्या झपाट्याने उतरतो, त्यामुळे छापलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

एक शिस्त मात्र पाळावीच लागते. एका कॅमेऱ्यातले सगळे सेल एकाच वेळी घेतलेले, एकाच वयाचे आणि एकत्रच चार्ज केलेले असावेत. ओळीने जोडलेल्या सेलांत एखादा दुबळा असेल तर तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे सेल त्याच्यातून उलट दिशेने वीज ढकलू लागतात. असा सेल लवकर कायमचा खराब होतो. मी प्रत्येक संचावर पर्मनंट मार्करने एक अक्षर लिहिते, म्हणजे सेल घरातल्या इतर वस्तूंमध्ये मिसळत नाहीत.

आता लिथियम. एनर्जायझर अल्टिमेट लिथियमसारखा एकदाच वापरायचा सेल १.५ व्होल्टचा असतो, त्याची क्षमता ३००० एमएएचच्या वर असते आणि वजन अवघे १५ ग्रॅम, म्हणजे अल्कलाइनच्या साधारण दोन तृतीयांश. उणे ४० ते ६० अंशांपर्यंत तो चालतो. आपल्याला त्यातले वरचे टोक उपयोगाचे. तो सहसा गळत नाही आणि भाराखालीही दाब फारसा सोडत नाही. ऊर्जेचा हिशेब मांडला तर पांढऱ्या एनलूपच्या एका सेलमध्ये सुमारे २.४ वॉट-अवर, तर या सेलमध्ये साडेचारच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे जवळपास दुप्पट. वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीवर जूनमध्ये लावलेला आणि ओढे उतरेपर्यंत हाताशी न येणारा कॅमेरा असेल तर हेच सेल घालावेत. किंमत अल्कलाइनच्या कितीतरी पट असते आणि पुण्यातल्या सगळ्या दुकानांत ते मिळतही नाहीत, बहुधा ऑनलाइन मागवावे लागतात. दर पंधरवड्याला शेतावर जाणाऱ्याने हा खर्च करण्याचे मला काही कारण दिसत नाही. त्यांचा दाब शेवटपर्यंत चढा राहून मग एकाएकी कोसळतो, त्यामुळे खूण पूर्ण भरलेली दिसली म्हणून निश्चिंत राहू नये.

यांच्याशी नावाने साम्य असलेले, यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम-आयन सेल हल्ली बरेच विकले जातात. त्यांच्या पोटात ३.७ व्होल्टचा सेल आणि दाब उतरवणारे छोटे सर्किट असते. ते सर्किट रात्रंदिवस स्वतःही थोडी वीज खात राहते आणि दिव्यांच्या एकदम येणाऱ्या भाराला प्रत्येक कंपनीचे सर्किट पुरे पडतेच असे नाही. वेष्टनावरचा आकडाही नीट वाचावा: ३६०० लिहिलेले असेल आणि एकक मिलीवॉट-अवर असेल, तर १.५ ने भागल्यावर ते २४०० एमएएच होतात. घरच्या अंगणातल्या कॅमेऱ्याला हे चालतील, दूरच्या कॅमेऱ्यासाठी मी ते सुचवणार नाही. त्याच आकाराचे, सर्किट नसलेले ३.७ व्होल्टचे १४५०० सेल तर पेन्सिल सेलच्या जागी मुळीच घालू नयेत, कॅमेरा जळेल.

सिमकार्डावरून फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्याचे गणित वेगळे आहे. रेंज कमी असलेल्या खोऱ्यात तो पाठवण्यावर इतकी वीज घालवतो की आतले सेल अपुरे पडतात. तिथे यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवून बाहेरून जोडावी. तिच्यात ८४ वॉट-अवर असतात. वजन दोन किलोंच्या वर जाते, पण शेतावर ते अडत नाही. कॅमेऱ्याचे बाहेरचे सॉकेट ६ व्होल्टचे आहे की १२ चे, आणि पिनचा मधला भाग धन आहे का, हे तपासल्याशिवाय जोडणी करू नये. सौर पॅनेल ऑक्टोबर ते मे उत्तम; जुलैच्या ढगांत त्याचा भरवसा नाही.

खरेदीसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली मला अजूनही सोयीची वाटते, कारण चार दुकाने फिरून भाव आणि माल दोन्ही पाहता येतात. सुटे सेल घेऊ नयेत. नामांकित सेलांच्या नकला बाजारात असतात, तेव्हा सीलबंद पाकीट आणि पक्के बिल घ्यावे. प्रत्येक कॅमेऱ्यामागे दोन संच घ्यावेत, म्हणजे एक कॅमेऱ्यात असताना दुसरा घरी चार्ज होतो. चार्जर घेताना तो प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासून थांबणारा आहे ना, हे दुकानदाराला विचारावे आणि खोक्यावर वाचून खात्री करावी. सोबत फुकट मिळणारे काही चार्जर सेल जोडीनेच चार्ज करतात किंवा नुसत्या वेळेवर चालतात, आणि त्यामुळे एक सेल भरलेला, एक अर्धवट असा संच तयार होतो. असा फुकटचा चार्जर बाजूला ठेवून चांगल्या चार्जरला वेगळे पैसे मोजणे योग्य. चार खणांच्या चार्जरवर आठ सेल दोन पाळ्यांत होतात, त्यामुळे शनिवारी सकाळी शेतावर निघायचे असेल तर पहिली पाळी गुरुवारी रात्रीच लावावी.