साठ टक्के लाकूड वाचवणारं ‘तांब्याचं’ स्प्रिंग

नृसिंहवाडीत आमच्या अकरा खोल्या आहेत, यात्रेकरूंना उतरायला. लॉज म्हणावं एवढं काही नाही. खाली आम्ही राहतो, वर आणि मागे खोल्या. वाडीला येणारा माणूस काकड आरतीला उभं राहायचं म्हणून पहाटे चारला अंघोळीचं पाणी मागतो, आणि ते कडक मागतो. खोलीतला पंखा कुरकुरला तर तो चालवून घेतो. पाणी कोमट आलं तर पुढच्या पौर्णिमेला शेजारच्यांकडे उतरतो.

त्यासाठी मागच्या पडवीत ५०० लिटरचा लाकडावरचा बॉयलर आहे. बॉयलर हा आमचा शब्द. वाफेचा दाब वगैरे काही नाही, मोठा बंबच तो. लोखंडी पत्र्याची टाकी, खाली भट्टी, टाकीच्या पोटातून वर जाणारा सहा इंची नळा आणि त्यावर दहा फुटी धुराडं. वडिलांच्या काळात तांब्याचे दोन बंब होते, ते आता माळ्यावर आहेत.

गेल्या पावसाळ्यात दक्षिणद्वार सोहळ्याला, म्हणजे कृष्णेच्या पुराचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहतं तेव्हा, गर्दी उसळली. पादुकांवरून येणाऱ्या पाण्यात स्नान करून कुडकुडत परतलेली माणसं, त्यांना पुन्हा गरम पाणी. आमचं लाकूड उघड्यावर रचलेलं, वरचा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फाटलेला. ओलं लाकूड फुसफुसत जळायचं आणि वखारीचं बिल बघून माझी झोप उडायची. तो माणूस आला तो नेमका या दिवसांनंतर, आश्विनात.

मोटरसायकलवर आला. पाठीला सॅक, हातात लॅमिनेट केलेले फोटो आणि लांबून तापमान दाखवणारी ती पिस्तुलासारखी वस्तू. चाळिशीचा, बोलायला गोड, दर वाक्याला ‘दादा’. पडवीत गेला, धुराड्यावर लाल ठिपका पाडला आणि आकडा मला वाचायला लावला. २६० अंश. “दादा, पाणी साठ अंशाला तापवायचं आणि धुराडं दोनशे साठला. हे तुम्ही पाणी तापवताय की आभाळ?”

हे त्याचं बोलणं खरं होतं. मी तिथेच गळाला लागलो. धादांत खोटं बोलणारा असता तर कदाचित पकडला असता. हा पहिली दहा मिनिटं अगदी खरं बोलला. धुरातून उष्णता वाया जाते, नळ्यातून धूर सरळ सुसाट निघून जातो, त्याला मध्ये अडवून फिरवलं तर तो टाकीच्या भिंतीला जास्त उष्णता देतो, हे सगळं बरोबर आहे. मोठ्या बॉयलरच्या नळ्यांत त्यासाठी पीळ दिलेल्या पट्ट्या खरोखरच घालतात.

मग त्याने सॅकमधून स्प्रिंग काढलं. लालसर, चकचकीत, हातभर लांब. “शुद्ध तांबं. लोखंडाच्या आठपट उष्णता वाहून नेतं. हे नळ्यात बसवलं की साठ टक्के लाकूड वाचलं म्हणून समजा. लेखी देतो.” किंमत ३८,५०० रुपये, फिटिंगसकट. मी नाही म्हटलं तर म्हणाला, आधी प्रयोग बघा, मग पैसे द्या.

प्रयोग कसा झाला ते सविस्तर लिहितो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पहिलं मोजमाप पहाटेचं. रात्रभर गार पडलेली टाकी, पाणी २० अंशाला. माझ्याच ढिगातलं लाकूड काट्यावर तोलून घेतलं. पाणी ६० अंशाला जाईपर्यंत १९ किलो लागलं. त्याने वहीत लिहिलं, माझी सही घेतली. दिवसभरात भट्टी निवली. दुपारी त्याने धुराडं उतरवलं, “फिटिंगला जागा हवी” म्हणून लांब दांड्याचा तारेचा ब्रश नळ्यातून खालीवर फिरवला. घमेलंभर काजळी निघाली. स्प्रिंग सोडलं, वर एक गोल चकती बसवली, तिचं नाव ‘हीट ट्रॅप’. संध्याकाळी दुसरं मोजमाप. या वेळी म्हणाला, लाकूड कमीजास्त ओलं असतं दादा, हिशेब चुकतो. माझ्याकडे ब्रिकेट आहेत, त्या एकसारख्या असतात. ऊसपट्ट्यात राहणाऱ्याला बगॅसच्या, म्हणजे उसाच्या दाबलेल्या चोथ्याच्या, कांड्या नव्या नाहीत. मी मान डोलावली. पाणी ६० अंशाला गेलं तेव्हा फक्त सात किलो जळलं होतं.

एकोणीसवरून सात. मी काटा दोनदा बघितला. १५,००० तिथल्या तिथे फोनवरून दिले, उरलेले २३,५०० दोन दिवसांनी, तो नट आवळायला म्हणून पुन्हा आला तेव्हा. पैसे गेले त्या खात्यावर एका बाईचं नाव दिसत होतं. विचारलं तर म्हणाला, “मिसेसचं खातं आहे.” पावती छापील होती, पण जीएसटी क्रमांकाची जागा कोरी आणि पत्त्यात नुसतं ‘कोल्हापूर’. हे सगळं मला त्या वेळी दिसलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं.

पुढचे चार दिवस बरे गेले. मग माझ्या लाकडाचा आकडा हळूहळू सोळा, सतरा, अठरा असा चढत गेला. आठव्या दिवशी भट्टीचं दार उघडलं की धूर तोंडावर यायला लागला. जाळ पिवळा, मरगळलेला. थंडीमुळे पडवीचं दार लावून वीस मिनिटं जाळ सारत बसलो आणि उठलो तर डोकं जड, मळमळ, पाय लटपटत होते. वाटलं पित्त झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं तेव्हा बायको म्हणाली, हे पित्त नाही, तुम्ही बाहेर आलात की बरं वाटतं तुम्हाला. धुराला बाहेर जायला वाट नसली की कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास. मागच्या दोन खोल्यांच्या खिडक्या याच पडवीत उघडतात. त्या रात्री त्या खोल्या रिकाम्या होत्या, एवढंच म्हणतो.

त्या माणसाला फोन लावला. पहिल्या दिवशी, “दादा लाकूड बदला.” दुसऱ्या दिवशी, “बाहेरगावी आहे.” नंतर फोन बंद.

कुरुंदवाडहून आमचे जुने वेल्डिंगवाले मिस्त्री आले. धुराडं उतरवून आत बॅटरी मारली आणि हसायला लागले. ती ‘हीट ट्रॅप’ चकती म्हणजे नळ्याच्या तोंडावर बसवलेलं झाकणच होतं, पाऊण भाग बंद. त्यावर डांबरासारखा काळा चिकट थर. स्प्रिंग ओढून काढलं, फरशीवर आपटलं. “मालक, ह्ये तांबं न्हवं.” मी म्हटलं, कशावरून? त्यांनी कानशीने एक ओरखडा ओढला. लाल पापुद्र्याखाली करडं लोखंड. खात्री म्हणून घरातून फ्रिजला लावलेलं चुंबक आणलं, ते टपकन चिकटलं. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे मला सहावीपासून माहीत आहे. दीड रुपयाची परीक्षा, ती साडेअडतीस हजार मोजण्याआधी करायचं सुचलं नाही.

पण खरी गंमत पुढेच. स्प्रिंग अस्सल तांब्याचं असतं तरी फार फरक पडला नसता. हे मला भाच्याने समजावलं. तो पॉलिटेक्निकला आहे. तांबं लोखंडाच्या आठपट उष्णता वाहतं हे खरं, पण बंबात अडचण पत्र्याची नसतेच. अडचण असते गरम धुराकडून पत्र्यापर्यंत उष्णता पोचण्याची. “मामा, बेकरीच्या भट्टीत दोनशे अंश असतात, तरी पाववाला आत हात घालून ट्रे काढतो. शंभर अंशाच्या पाण्यात बोट घालून बघा.” हवा उष्णता द्यायला फार आळशी. पत्रा तांब्याचा असो की लोखंडाचा, त्याच्यापर्यंत जेवढी पोचली तेवढीच तो पुढे देणार. त्यात पत्र्यावर काजळीचा थर बसला तर ती म्हणजे घोंगडीच. पाण्याच्या बाजूने क्षार धरले तर दुसरी घोंगडी, आणि आमच्या बोअरचं पाणी चांगलंच जड आहे.

मग त्याने कागदावर हिशेब मांडला. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. ५०० लिटर पाणी २० वरून ६० अंशाला न्यायचं म्हणजे ५०० गुणिले ४०, वीस हजार किलोकॅलरी लागणारच. त्यात कुणाचा बाप सूट देऊ शकत नाही. माझं ओलसर लाकूड किलोला साधारण २,६०० किलोकॅलरी देत असेल. म्हणजे १९ किलोतून निघाले जवळजवळ ५०,०००, त्यातले पाण्यात गेले २०,०००. चाळीस टक्के. आता त्या माणसाचा दावा बघा: साठ टक्के बचत, म्हणजे १९ ऐवजी ७.६ किलो. ७.६ गुणिले २,६०० किती? १९,७६०. म्हणजे लाकडातली झाडून सगळी उष्णता पाण्यात उतरली, धुराड्यातून एक कण बाहेर गेला नाही, तरीसुद्धा पाणी ६० अंशाला पोचत नाही. चौथीतला गुणाकार. वहीवर माझी सही आहे.

मग ते सात किलो कुठून आले? संध्याकाळी पाणी २० अंशाला नव्हतंच. पहाटेच्या जाळाने टाकी दिवसभर ऊबदार राहिलेली, निम्मं पाणी वापरून नवं भरलेलं, ते तिशीच्या वर होतं. मी त्याच्या पिस्तुलाकडे बघत बसलो, सुरुवातीचा आकडा वहीत लिहायला सांगितला नाही. ब्रिकेट कोरड्या, किलोला ४,००० च्या आसपास. आणि नळा ब्रशने लख्ख घासलेला. तो पाच-सहा वर्षांत घासला नव्हता, माझीच हयगय. शिवाय मोजमाप टाकीच्या वरच्या तोटीला; गरम पाणी वरच चढतं, तळाशी कोमट असलं तरी कळत नाही. थोडक्यात, बचत थोडीफार खरी होती, पण ती केली ब्रशने आणि कोरड्या कांड्यांनी. श्रेय गेलं स्प्रिंगला, पैसे त्याच्या मिसेसला.

तक्रारीचं म्हणाल तर पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केला. तिथल्या मुलीने शांतपणे विचारलं, पैसे कधी दिले? सतरा दिवसांपूर्वी, मी म्हटलं, आणि माझं मलाच कळलं. असले फोन त्याच तासात करायचे असतात. ग्राहक आयोगाचाही विचार केला. १९१५ या हेल्पलाइनवर माहिती मिळते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्याला त्यात सवलत आहे. खोल्या आम्ही नवराबायकोच बघतो, तेव्हा आम्ही बसलोही असतो. पण नोटीस कुणाच्या नावाने काढायची? पत्ता काय, तर कोल्हापूर.

आता असा कुणी तुमच्या दारी आला तर त्याला हाकलाच असं मी म्हणत नाही. प्रयोग करू द्या, पण तुमच्या अटीवर. आज आणि उद्या, दोन्ही दिवस पहाटे, त्याच ढिगातलं लाकूड, सुरुवातीचं तापमान तुमच्या थर्मामीटरने, पाणी ढवळून. आणि मुख्य म्हणजे, पहिल्या मोजमापाच्या आधीच नळा ब्रशने साफ करून घ्या. मग तो काय म्हणतो ते बघा.

गॅस गिझरवाल्यांना मात्र हात जोडून सांगतो, धूर जायच्या वाटेत काहीही बसवू देऊ नका. आमच्या लाकडाच्या धुराने निदान डोळ्यांना पाणी तरी आणलं. गॅसचा धूर तेवढीही सूचना देत नाही. आणि सांगलीत माझ्या मेहुण्याला एकाने गॅसच्या नळीवर बसवायचं चुंबक विकायचा प्रयत्न केला, ‘गॅसचे रेणू सरळ होतात’ म्हणून. चुंबकाने सिलिंडरच्या गॅसला काही होत नाही. चुंबक कशाला वापरायचं ते वर सांगितलंच.

बॉयलरचं पुढे काय केलं ते सांगतो. मिस्त्रींनी पत्र्याच्या पट्टीला पीळ देऊन नळ्यात सोडली, वर नुसता आडवा हूक, चकती नाही. सहाशे रुपये घेतले. टाकीला बाहेरून उष्णता अडवणारं दोन इंच रॉकवूल आणि वर पत्रा. लाकडाला शेड केली आणि आता चैत्रातच भरून ठेवतो, सहा महिने वाळतं. दर शनिवारी ब्रश. वीसवरून साठ अंशाला आता तेरा-साडेतेरा किलो लागतं, पहाटे, ढवळून मोजलेलं. पडवीचं दार मी काढूनच टाकलं.

स्प्रिंग आणि चकती बरेच दिवस पडवीत पडून होती. परवा भंगारवाला आला, त्याला दाखवली. मी ‘तांबं’ म्हणायच्या आत त्याने हातगाडीला दोरीने बांधलेलं चुंबक उचलून टेकवलं. साडेसहा किलो भरलं. लोखंडाच्या भावाने १८० रुपये दिले.