‘पोरीच्या नावचं बक्षीसपत्र टिकत नसतं, साहेब’

मला फसवणाऱ्यांनी एकही कागद लपवला नाही. बक्षीसपत्राची नक्कल एजंटानंच माझ्यासमोर टाकली आणि वर म्हणाला, “तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही.” तिथंच मी विरघळलो.

गोष्ट २०२१ ची. भोर तालुक्यात एक एकर बारा गुंठ्यांचा अख्खा गट, मालक एक म्हातारे आबा. मुंबईत गिरणीत असताना साठवलेल्या पैशांतून त्यांनी तो घेतला होता, म्हणजे जमीन स्वकष्टार्जित. सातबारावर त्यांचं एकट्याचं नाव, बोजा नाही. आमची वडिलोपार्जित शेती असल्यानं शेतकरी असल्याचा दाखला माझ्याकडे होताच. आसपास तीस लाखांच्या खाली कोणी बोलत नव्हतं, आबांचा मुलगा बावीस लाखांवर आला. स्वस्त का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयारच असणार म्हणा.

बक्षीसपत्र होतं २०१० चं, रीतसर नोंदवलेलं, दोन साक्षीदारांचं. आबांनी तो गट चार वर्षांच्या नातीला दिला होता. मुलगा दारूत जमीन घालवेल म्हणून दिला, हे मला फार पुढे कळलं. कागदावर मुलीचा फोटो होता, दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली. खाली ‘अज्ञान तर्फे अ.पा.क. आई’, म्हणजे अठराखालच्या मुलीच्या वतीनं अज्ञान पालनकर्ती म्हणून आई, आणि शेजारी, एकेक अक्षर जोडत केलेली सही. ही नोंद सातबारावर कधी चढलीच नाही. पुढे ती बाई मुलीला घेऊन माहेरी गेली.

एजंटाचं म्हणणं असं: अज्ञानाला करार करता येत नाही, बक्षीसपत्र हाही करारच, म्हणून ते मुळातच रद्द. बाप जिवंत असताना आईची सही चालत नाही. आणि एवढं करूनही २०२० मध्ये आबांनी ‘बक्षीसपत्र रद्द लेख’ नोंदवलाय, त्यावर बापानं अ.पा.क. म्हणून संमतीही दिलीय. “डबल सेफ्टी,” तो म्हणाला. त्याच्याच ओळखीच्या वकिलानं दीड पानाचा सर्च रिपोर्ट दिला, त्यावर ‘टायटल क्लिअर’.

यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, आणि त्याच्या आधारानं बाकीचं सगळं खोटं खपलं. अज्ञानानं केलेला करार रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयानं, १९०३ सालच्या मोहरीबीबी खटल्यात सांगितलं. पण त्या खटल्यात अज्ञान मुलगा मालमत्ता गहाण टाकत होता, म्हणजे स्वतः बांधला जात होता. बक्षीस घेणारा काय देतो? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १२२ सांगतं की बक्षीस घेणाऱ्यानं स्वतः ‘किंवा त्याच्या वतीनं’ ते स्वीकारलं तरी चालतं. अट एवढीच की बक्षीस देणारा हयात आणि देण्यास सक्षम असतानाच स्वीकार व्हायला हवा. लहान मुलांसाठी दार तिथंच उघडं आहे. कलम १२३ प्रमाणे दस्त नोंदणीकृत आणि दोन साक्षीदारांचा हवा, तो होता. जमिनीवर कर्ज किंवा काही जबाबदारी असेल तर अज्ञानाला तिचं बंधन नाही. सज्ञान झाल्यावर सगळं ठाऊक असूनही त्यानं जमीन ठेवून घेतली तरच ते लागू होतं. कायदा मुलाच्या बाजूनं किती झुकलाय ते बघा.

आईच्या सहीचं म्हणाल, तर मुलाच्या वतीनं नुसता लाभ स्वीकारायला कोर्टाची परवानगीही लागत नाही. २००३ मध्ये के. बालकृष्णन विरुद्ध के. कमलम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न होता: आईनं अज्ञान मुलाला मिळकत दिली आणि नंतर रद्द केली. न्यायालयानं बक्षीस वैध धरलं, रद्द करणं अमान्य केलं. देणाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर बक्षीस मागं घेता येत नाही, हे कलम १२६ मध्येही आहेच.

मग तो रद्द लेख? दुय्यम निबंधकाकडे नोंदवलाय म्हटल्यावर माझ्या मनात शंकाच उरली नाही. पण नोंदणी झाली म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हे आता अकलेच्या खात्यात बावीस लाख भरून शिकलोय. आणि बापाची संमती तर उलट त्यांच्याच अंगावर यायला हवी. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकाला मुलाची जमीन विकायची, गहाण टाकायची किंवा कोणाला द्यायची असेल तर आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. इथं अर्जसुद्धा केलेला नव्हता.

माझ्या सध्याच्या वकीलबाईंनी यातली एक बारीक गाठ दाखवली. बापानं मुलीचा पालक म्हणून मला खरेदीखत दिलं असतं, तर तो व्यवहार मुलीनं सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत आव्हान दिलं तरच मोडला असता. मला खरेदीखत दिलं आबांनी, मालक म्हणून. २०१० नंतर आबा मालक राहिलेच नव्हते, मग त्यांनी मला विकलं काय? “तुम्ही रिकाम्या पाकिटाचे पैसे दिलेत,” असं त्या म्हणाल्या आणि पुढच्या अशिलाची फाईल उघडली.

खरेदीच्या दिवशी आबा बाकड्यावर एकटेच बसले होते. अंगठा घेताना मुलानंच त्यांचं मनगट धरून यंत्रावर ठेवलं. मी पाणी विचारलं तर म्हणाले, “पोरीला विचारलं का?” मुलगा हसून म्हणाला, आबांना हल्ली आठवत नाही. मीही हसलो.

फेरफाराची, म्हणजे सातबारावर नाव बदलण्याची, नोटीस निघाली, पंधरा दिवसांत हरकत आली नाही. कुठून येणार, मुलगी मामाच्या गावी दहावीत. २०२२ ला आबा गेले. २०२४ ला ती सज्ञान झाली आणि तिसऱ्या महिन्यात मला दिवाणी न्यायालयाचं समन्स आलं. पोलिसांनी तक्रार वाचून ‘दिवाणी बाब’ म्हटलं. एजंटाचा नंबर बंद. मुलाकडे पैसे नाहीत, आणि ते कुठं गेले हे गावात कोणालाही विचारा.

नातवंडांना शेतजमीन बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क आता २०० रुपये आहे, तेव्हा असे दस्त तुमच्याही वाटेत येतील. सातबाराला भुलू नका, ती महसुली नोंद आहे. आपल्या खर्चानं, आपण निवडलेल्या वकिलाकडून तीस वर्षांच्या सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचे गोषवारे, काढून घ्या. साखळीत कुठंही ‘अज्ञान’ किंवा ‘अ.पा.क.’ दिसलं की थांबा आणि जिल्हा न्यायालयाचा हुकूम मागा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस मी दिली नाही, आठ दिवस वाचवले.

गेल्या तारखेला ती मुलगी कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. हातात त्याच बक्षीसपत्राची मूळ प्रत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. म्हणाली, “काका, तुम्ही फसलात हे मला कळतं. पण जमीन माझी आहे.” मी हो म्हणालो. माझ्या वकीलबाई लांबून बघत होत्या, त्यांना ते आवडलं नसावं.