लॉगबुक गेलं, ॲप आलं: एका वॉर्ड सिस्टरचा आठ महिन्यांचा अनुभव

नर्सिंगच्या मुली पोस्टिंगला आल्या की त्यांच्या लॉगबुकवर सह्या करणं हे माझं जुनं काम. शेवटच्या दिवशी वीस-बावीस पानं एकदम पुढ्यात यायची आणि मी आठवेल तसं 'चांगलं' लिहून मोकळी व्हायचे. त्या वहीच्या जागी कॉलेजने ई-पोर्टफोलिओचं, म्हणजे मुलींच्या कामाच्या नोंदी मोबाइलवर ठेवायचं ॲप दिलंय.

यात मुलीच्या कामाबद्दल मी भरायचा फॉर्म ४८ तासांनी बंद होतो. सुरुवातीला चिडले होते, पण आता लिहिते ते डोळ्यांसमोरचं असतं. शिवाय ते कॉलेजातल्या मॅडमनाही दिसतं, खरी किंमत त्याची. एका मुलीचा मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालताना हात अगदी सफाईदार. वॉर्डात मात्र आजींचे खुबे संधिवाताने आखडलेले, पाय फाकवता येईनात. पोरगी ट्रे उघडून तशीच उभी. मी आजींना कुशीवर वळवून मागच्या बाजूने कसं घालायचं ते दाखवलं आणि ॲपमध्ये दोन ओळी लिहिल्या. पुढच्या बॅचला स्किल लॅबमध्ये मॅनिकिन कुशीवर ठेवलेलं होतं! वैद्यकीय शिक्षणात कौशल्याच्या चढत्या पायऱ्या सांगणाऱ्या मिलरच्या १९९०च्या पिरॅमिडमध्ये 'करून दाखवणं' आणि 'प्रत्यक्ष करणं' या वेगळ्या पायऱ्या का आहेत, ते त्या ट्रेपाशी उभं राहिलं की कळतं.

गुणांची पट्टी मात्र डोकेदुखी. मिनी-सीईएक्स, म्हणजे रुग्णाजवळचं काम बघून गुण द्यायचा फॉर्म, निघाला डॉक्टरांसाठी. त्याची १ ते ९ पट्टी इथे जशीच्या तशी उचललीय. सहा आणि सातात फरक काय, देव जाणे. 'हिच्याजवळ उभं राहावं लागेल, की हाकेच्या अंतरावर असलं तरी चालेल?' याचं उत्तर मी झोपेतही देईन. विश्वासाच्या पाच पातळ्यांचा तसा फॉर्म ॲपमध्ये आहे, पण तिसऱ्या मेनूत दडवलेला.

'चिंतन' नावाच्या रकान्यात निम्म्या मुली 'खूप शिकायला मिळालं' एवढंच चिकटवतात. 'पुढच्या वेळी काय वेगळं करशील?' या प्रश्नाला मात्र खरी उत्तरं येतात, म्हणून मी आधी तेच वाचते. कुणी रुग्णाचं नाव टाकलं तरी ॲप अडवत नाही. ते मलाच खोडायला लावावं लागतं.

आणि फोन! हातमोजे काढा, हात धुवा, लॉगिन करा. तोवर नातेवाईक बघतात, सिस्टर ड्यूटीवर मोबाइल चाळतेय. बोलून नोंद करायची सोय दिली तर पाचवा तारा देईन. सध्या चार.