काटा १५५ वर गेला आणि आम्ही २,८५,००० घालवले

२,८५,००० रुपये मशीनला, वर ९,५०० टेम्पोला, फोंडा घाट चढून कोल्हापूरला आणायचे. उभ्यानं चालवायची जुनी जेट स्की, यामाहा सुपरजेट, ७०१ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. आता उद्यमनगरात एका शेडमध्ये खोलून पडलीय. आम्ही काही अडाणी नव्हतो, सिलिंडरमधला दाब मोजायचं गेज घेऊन गेलो होतो. त्या गेजनंच घात केला.

कॉम्प्रेशन, म्हणजे तो दाब, रीतसर बघितलं. दोन्ही प्लग बाहेर, प्लगच्या वायरी अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण ओढलेला, काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर. १५५ आणि १५५ पीएसआय! दोन सिलिंडरांत १० पेक्षा जास्त फरक नको म्हणतात, इथं फरकच नाही. हुरळलो.

प्लग काढले तेव्हा त्यांचे आटे तेलानं निथळत होते. डोळ्यांनी बघितलं. टू-स्ट्रोकचा प्लग ओलसर असतोच म्हणून फडक्यानं पुसले आणि बाजूला ठेवले. अरे, पेट्रोल-तेलाचं प्रमाण ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली तेल. त्यानं प्लग तपकिरी, ओलसर होतो, निथळत नाही. विकणाऱ्या गड्यानं दोन्ही सिलिंडरांत चमचा-चमचा तेल ओतून ठेवलं होतं. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांची फट तेलानं बुजते आणि काटा वर जातो. चालू केल्यावर निळ्या धुराचा लोट उठला, तर म्हणे "लै दिवस बंद होती". मग आम्ही पोचलो तेव्हा इंजिनचं हेड कोमट कसं? हात लावला होता. उन्हानं तापलं असेल म्हटलं!

तेल जळून गेल्यावर घरी मोजलं: ९५ आणि ७०. म्हणून मोजायचं दोनदा, एकदा गार इंजिनवर आणि एकदा पाण्यात दहा मिनिटं पळवून आल्यावर. पाण्यात उतरवू देत नसेल तर उठून यायचं. खोललं तर पिस्टनवर उभे ओरखडे, क्रँकच्या बेअरिंगला गंज. खारं पाणी आत शिरून तसंच राहिलेलं. टू-स्ट्रोकला खाली तेलाचा साठा नसतो, पेट्रोलबरोबर येईल तेवढंच तेल, त्यामुळे थांबलेलं पाणी थेट बेअरिंग खातं. दुरुस्तीचा अंदाज १,१२,४००.

"गोड्या पाण्यातच चालवलीय," असं तो समुद्रकिनाऱ्यावर उभा राहून सांगत होता. इलेक्ट्रिक बॉक्स उघडायला लावा. टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी दिसली की समुद्र आत येऊन गेलाय. आम्ही चार स्क्रू काढायचा कंटाळा केला.

पोलिसांचं तर विचारूच नका. इथं म्हणाले व्यवहार तिकडं झाला, तिकडं जा. तिकडं म्हणाले पैसे कोल्हापुरातून गेले, तक्रार तिथंच द्या. दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. कलम दाखवलं तर "लै वाचता राव". न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लावा म्हटलं तर "जुनी वस्तू बघून घेतलीसा, दिवाणी मामला". १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर उत्तर, पैसे तुम्हीच राजीखुशीनं पाठवलेत. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, त्यात 'पाण्यातली स्कूटर' लिहिलंय. वर एकानं विचारलं, रंकाळ्यात फिरवणार होतासा काय? पाच खेपा झाल्या, पोच अजून नाही.

घेणार असाल तर हलच्या, म्हणजे बॉडीच्या, मागच्या बाजूला कोरलेला नंबर कागदाशी जुळवा. परदेशातून आलेली असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, मागा. हँडलच्या दांड्याच्या ब्रॅकेटभोवती आणि हलच्या जोडावर नाण्यानं टकटक करा, आवाज बद्द आला तर तिथं फायबर मारलेलं असतं किंवा आतून पाणी प्यायलेलं. इम्पेलर, म्हणजे पाणी मागं फेकणारा पंखा, हातानं हलवा. खडखडला किंवा फिरवताना वाळू दळल्यासारखं लागलं तर बेअरिंग गेलंय.

आणि पाण्याचा पाइप लावून चालवताना आधी इंजिन चालू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलं तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि मालक म्हणतो, तुम्हीच बिघडवली. आम्हाला म्हणालाच.