शकुंतलेच्या नावावर आमचे 20,500 रुपये गेले

माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो, आता 79 वर्षांचे आहेत. त्यांच्या तरुणपणी दर्यापूरहून मुर्तिजापूरला जायचं म्हणजे शकुंतलाच, आमच्या वऱ्हाडातली अरुंद रुळांवरची छोटी रेल्वेगाडी. गाडी किती हळू चालायची, धुरामुळे पांढरा सदरा कसा काळा व्हायचा, हे माझ्या दोन्ही मुलांना पाठ झालंय. गाडी बंद पडल्यापासून त्यांचं एकच पालुपद, "एकदा तरी बसवा मले तिच्यात." आमची फसवणूक इथूनच झाली, म्हणून हे आधी सांगितलं.

नोव्हेंबरात आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जाहिरात फिरत आली. ‘ब्रिटिशकालीन वऱ्हाड दर्शन’, दोन दिवस, एक मुक्काम. पहिल्या दिवशी अंजनगाव ते अचलपूर शकुंतलेच्या खास डब्यातून प्रवास, संध्याकाळी चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यात मुक्काम, दुसऱ्या दिवशी गाविलगड आणि कॉफीची बाग. मोठ्यांना 2,400 रुपये, मुलांना निम्मे. खाली बंगल्याचा सुंदर फोटो. कौलारू छप्पर, लाकडी खांबांचा व्हरांडा.

त्या जाहिरातीत एक ढोबळ चूक होती. गाविलगड इंग्रजांनी 1857 साली घेतला, असं लिहिलं होतं. मी शाळेत इतिहास शिकवते. गाविलगड पडला 15 डिसेंबर 1803 रोजी, आर्थर वेलस्लीने तो घेतला, हाच माणूस पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. मला राहवलं नाही, मी दिलेल्या नंबरवर फोन करून चूक सांगितली. पलीकडचा माणूस अगदी आदराने बोलला. म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखी माणसं आम्हाले भेटत नाहीत. गडावर माहिती तुम्हीच सांगा, तुमचं तिकीट माफ. आणि तारीखही 15 डिसेंबरच ठेवू." ज्या चुकीवरून मी सावध व्हायला हवं होतं, त्याच चुकीचं त्याने माझ्यासाठी आमिष केलं. तिकीट माफ नको म्हणून मीच सांगितलं, सगळ्यांचे पैसे देऊ.

यांनी मात्र विचारलं होतं, की गाडी बंद आहे, मग डबा चालणार कसा आणि रेल्वेच्या साइटवर काही दिसत का नाही. त्यावर त्या माणसाचं उत्तर तयार होतं. ही लाइन सरकारची नाहीच, विलायती कंपनीची आहे, म्हणून साइटवर येत नाही, आमचा थेट कंपनीशी करार आहे. हे उत्तर आम्हाला पटलं, कारण त्यातलं अर्धं खरं होतं. किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडातला कापूस बाहेर काढायला ही अडीच फूट रुंदीची लाइन टाकली. मुर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला 76 किलोमीटर, दुसरा यवतमाळला 113. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं त्यातून ही लाइन सुटली, हेही आपल्याकडे पोरासोरांना माहीत असतं. पण गाड्या चालवायची ती भारतीय रेल्वेच. मामाजींनी आयुष्यभर तिकीट काढलं ते रेल्वेच्या खिडकीवरूनच. हा दुसरा अर्धा भाग आमच्यापैकी कुणालाही त्या वेळी आठवला नाही.

आम्ही पाच मोठे, दोन मुलं. 14,400 रुपये झाले. निम्मे, म्हणजे 7,200, आगाऊ पाठवले. आठ दिवसांनी त्याचा फोन आला की रेल्वेच्या परवानगीसाठी कुटुंबामागे 3,500 अनामत भरायची आहे, प्रवास झाला की परत. तेही पाठवले. कापसाचे पैसे नुकतेच हाती आले होते. पावती म्हणून इंजिनाचं चित्र असलेला रंगीत कागद मोबाईलवर आला. त्यावर ना नोंदणी क्रमांक, ना पत्ता. मामाजींनी तो कागद छापून मागितला आणि देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात ठेवला.

15 तारखेला सकाळी सातला आम्ही ऑटो करून अंजनगावच्या स्टेशनवर पोचलो. सासूबाईंनी पहाटे उठून पोळ्या आणि झुणका बांधून घेतला होता. स्टेशनवर चिटपाखरू नव्हतं. रुळांच्या मधून बाभळीची झुडपं कमरेएवढी वाढलेली. मुलं "गाडी कुठून येईल?" विचारत होती. मामाजी काठी टेकत फलाटावरून उतरले, वाकले आणि बोटाने रूळ घासून पाहिला. बोट तांबडं झालं. म्हणाले, "चाकं फिरली असती त रूळ वरून चमकला असता. याच्यावर कितीक दिवसांत गाडी गेली नाही." मग ते काहीच बोलले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून तिथेच उभे राहिले. मला त्या माणसाचा सगळ्यात जास्त राग येतो तो या क्षणासाठी.

फोन लावला. तो उचलला गेला, हे विशेष. "परवानगी शेवटच्या क्षणी अडली मॅडम, मला फार वाईट वाटतंय, सगळे पैसे लगेच परत करतो. एक क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल." थंडीत मुलं कुडकुडत होती, सासूबाई रडवेल्या झाल्या होत्या, मला पैसे परत मिळाले की झालं एवढंच सुचत होतं. मी पिन टाकला. खात्यातून 9,800 रुपये गेले.

हे नीट वाचा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही. क्यूआर स्कॅन करतो तो पैसे देणारा. समोरचा ‘परत करतो’ म्हणून पिन टाकायला लावत असेल, तर तो तुमच्या खात्यातून काढतोय.

यांनी त्याच फलाटावरून 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन केला. नाव, बँक, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ विचारली, तक्रारीचा क्रमांक दिला. मग बँकेत आणि पोलीस ठाण्यात गेलो. वीस मिनिटांत कळवलं म्हणून ते 9,800 पुढच्या खात्यात अडवले गेले, अजून हातात यायचे आहेत. आधीचे 10,700 मात्र आम्ही पाठवले त्या-त्या दिवशीच काढून घेतले होते, त्यांचा माग निघालेला नाही. आगाऊ रक्कम पाठवल्यावर शंका आली तर सहलीच्या दिवसाची वाट पाहू नका. आम्ही ती पाहत बसलो.

बंगल्याचं कोडं माझ्या चुलत दिरांनी सोडवलं. ते वनखात्यात होते. फोटो पाहताच म्हणाले, "वहिनी, मागे देवदार आहेत. चिखलदऱ्यात साग दिसेल, देवदार कुठून आणले?" फोटो कुठल्या तरी उत्तरेच्या पहाडातला होता. मुक्कामाचं आरक्षण करायचं तर आधी त्या जागेवर स्वतः फोन करा, ओळखीचा कुणी तिथे असेल तर त्याला पाहून यायला सांगा. पर्यटन महामंडळाची निवासाची जागा हवी असेल तर आरक्षण महामंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा.

पंधरा दिवसांनी आम्ही आपले आपण एसटीने परतवाड्याला आणि तिथून जीपने वर गेलो. गाविलगडाच्या उत्तरेकडच्या तटापाशी मुलांना सांगितलं, की इंग्रजांनी डोंगरातून तोफा ओढत आणून इथल्या तटाला भगदाड पाडलं, आतल्या तटावर शिड्या लावून चढले, किल्लेदार बेणीसिंग लढता लढता पडला. आणि आपल्या अंजनगावात त्याच महिन्यात, 30 डिसेंबरला, शिंद्यांना तह करावा लागला. मामाजी पायथ्याला जीपमध्येच बसून होते. गडाला त्यांनी हात जोडले, शकुंतलेचं नाव काढलं नाही.

परवा दुसऱ्या एका गटावर ‘वऱ्हाड हेरिटेज सहल’ अशी नवी जाहिरात आली. नाव वेगळं, नंबर वेगळा, बंगल्याचा फोटो तोच. मागे देवदार आणि व्हरांड्याच्या उजव्या खांबाला टेकवलेली लाल सायकल. हा फोटो तुमच्याकडे आला तर एक रुपयाही पाठवू नका, आणि नंबर 1930 ला कळवा.